टोकियोत भाड्याचे घर शोधताना: सुरक्षित आणि परवडणारी वस्ती कशी निवडावी

पुण्याहून किंवा मुंबईहून नोकरीसाठी टोकियोत येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो: निशी-कसाईला घर बघा. २००० सालच्या सुमारास ‘वाय-टू-के’च्या कामांसाठी आलेले भारतीय संगणक अभियंते एदोगावा प्रभागातील या स्टेशनाच्या आसपास स्थिरावले, कारण तोझाई मार्गाची भुयारी रेल्वे तेथून ओतेमाची आणि निहोनबाशी या कार्यालयांच्या भागांत थेट जाते. पुढे भारतीय किराणा आला, शाकाहारी जेवण मिळू लागले, एदोगावा आणि शेजारच्या कोतो प्रभागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले. तेव्हा हा सल्ला निराधार नाही. मात्र त्यानंतर महिन्याभरात, मे २०१९ मध्ये, याच प्रभागाच्या कार्यालयाने पूरधोक्याचा नवा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्याच्या मुखपृष्ठावर, मोठा पूर येणार असेल तेव्हा ‘येथे थांबून चालणार नाही’, अशा अर्थाचे वाक्य छापले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवता येणे म्हणजेच टोकियोत वस्ती निवडता येणे.

भारतातून येणारा माणूस ‘सुरक्षित वस्ती’ म्हटले की चोरी-मारामारीचा विचार करतो. टोकियोत हा क्रम बदलावा लागतो. येथे आधी जमीन पाहावी, मग इमारत, मग इमारतीपुढची गल्ली, आणि त्यानंतर गुन्हे. शिवाय संपूर्ण प्रभागाला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ ठरवून उपयोग होत नाही. पत्त्यातील ‘चोमे’, म्हणजे प्रभागाच्या आतला काही गल्ल्यांचा तुकडा, हेच निवडीचे खरे एकक आहे, कारण धोक्याचे बहुतेक नकाशे त्या बारकाव्यापर्यंत जातात आणि दोन शेजारच्या चोमेंमध्ये मोठा फरक असू शकतो.

प्रवासाचे वर्तुळ आखा

सुरुवात कार्यालयाच्या स्टेशनापासून करावी आणि घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत किती मिनिटे चालतील, ते आधी ठरवावे. घरांच्या जाहिरातींत ‘स्टेशनापासून चालत ७ मिनिटे’ असे लिहिलेले असते. त्यामागे मिनिटाला ८० मीटर असा ठरलेला हिशेब असून चढ, सिग्नलवरचा थांबा आणि हातातले सामान त्यात धरलेले नसते. लहान मूल बरोबर असेल तर त्या आकड्याची दीडपट करणे शहाणपणाचे ठरते.

येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. जपानमधील बहुतेक कंपन्या घर ते कार्यालय या प्रवासाचा पास स्वतः भरतात आणि सार्वजनिक वाहनांसाठीचा हा भत्ता महिना १,५०,००० येनपर्यंत करमुक्त असतो. त्यामुळे दूर राहण्याची किंमत पैशांत पडत नाही, ती वेळेत पडते. मध्यवर्ती टोकियोबाहेर वीस मिनिटे सरकल्यावर भाड्यात जे वाचते ते खरोखरच वाचते. नियुक्तिपत्रात भत्त्याची मर्यादा काय लिहिली आहे, तेवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

मार्ग निवडताना जलद गाड्या कोठे थांबतात ते पाहावे. जेथे फक्त ‘काकुएकी तेइशा’, म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी मिळते, तेथील भाडी शेजारच्या जलद थांब्यापेक्षा सहसा कमी असतात आणि प्रवासात फरक पाच-सात मिनिटांचाच पडतो. निशी-कसाई हे असेच स्टेशन आहे. तोझाई मार्गाच्या जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. गर्दीचाही विचार करावा. याच मार्गावर किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या सर्वाधिक गर्दीच्या वेळी २०१९ साली गाड्या क्षमतेच्या १९९ टक्के भरत होत्या आणि देशातील सर्वाधिक गर्दीच्या टप्प्यांत त्याची गणना होत होती. म्हणून घर पसंत करण्यापूर्वी कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या स्टेशनावरून एकदा तरी प्रवास करावा. ‘शिहात्सु’, म्हणजे काही गाड्या जेथून सुटतात असे स्टेशन मिळाले, तर थोडे दूर राहूनही रोज बसून जाता येते.

जमीन: या शोधातला सर्वांत महत्त्वाचा भाग

टोकियोचा पश्चिम भाग मुसाशिनो पठारावर वसला आहे आणि पूर्व भाग नद्यांच्या गाळाच्या सखल मैदानावर. पूर्वेकडील एदोगावा, कोतो, सुमिदा, कात्सुशिका आणि अदाची या पाच प्रभागांतील मोठा प्रदेश भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे; एदोगावा प्रभागाची तर सुमारे ७० टक्के जमीन तशी आहे. याचे एक मोठे कारण मानवनिर्मित आहे. विसाव्या शतकात कारखान्यांसाठी भूजल इतके उपसले गेले की जमीनच खचली, आणि उपसा थांबल्यावर खचणे थांबले तरी खाली गेलेली जमीन वर आली नाही. बांध आणि पंप यांच्या आधाराने या पाच प्रभागांतील सुमारे २५ लाख लोक रोजचे जीवन सुखाने जगतात. मात्र आराकावा किंवा एदोगावा नदीचा बांध फुटला, तर काही ठिकाणी पाणी ओसरायला एक-दोन आठवड्यांहून अधिक काळ लागेल, असे प्रभागाचेच नकाशे सांगतात.

कोणत्याही पत्त्याची तपासणी करण्यासाठी भूमी, पायाभूत सुविधा, वाहतूक व पर्यटन मंत्रालयाचे ‘हझार्ड मॅप पोर्टल’ हे संकेतस्थळ वापरावे. पत्ता टाकून एकाच नकाशावर वेगवेगळे धोके एकमेकांवर ठेवून पाहता येतात. येथे घाई करू नये. नदीच्या पुराचा थर वेगळा असतो, मुसळधार पावसात गटारे तुंबून साचणाऱ्या पाण्याचा वेगळा, आणि वादळामुळे समुद्राचे पाणी आत शिरण्याचा आणखी वेगळा. एका थरात पांढरी दिसणारी जागा दुसऱ्या थरात गडद रंगात असू शकते. रंग दिसला की शेजारच्या सूचीत पाण्याची खोली किती मीटर दिली आहे तेही वाचावे, कारण अर्धा मीटर आणि पाच मीटर यांचा अर्थ अगदी निराळा आहे. प्रभागाच्या स्वतःच्या नकाशात बहुधा पाणी किती दिवस राहील याचाही नकाशा असतो, आणि तो फार थोडे लोक उघडतात.

उदाहरणासाठी निशी-कसाईच्या दक्षिणेची सेइशिन-चो ही वसाहत घ्या. समुद्रात भराव टाकून ती उभारली आहे आणि आजूबाजूच्या जुन्या जमिनीपेक्षा उंच असल्याने पुराच्या नकाशात तिची स्थिती बरी दिसते. पण भरावाच्या जमिनीला दुसरा धोका असतो. भूकंपाच्या हादऱ्याने ओली, सैल वाळू चिखलासारखी पातळ होते, रस्ते खचतात आणि नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या तुटतात. ११ मार्च २०११ च्या भूकंपात शेजारच्या उरायासु शहराच्या भरावाच्या जमिनीवर हे फार मोठ्या प्रमाणात घडले. म्हणून भूद्रवीकरणाचा नकाशाही उघडावा.

उंच जागा म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही समजू नये. योकोहामाच्या मिदोरी प्रभागातही भारतीय शाळा आहे, तिच्यामुळे तेथे भारतीय कुटुंबे राहतात, आणि तो भाग टेकड्यांचा आहे. अशा ठिकाणी पुराऐवजी दरड कोसळण्याचा नकाशा पाहावा लागतो. त्यात पिवळा रंग इशाऱ्याच्या क्षेत्राचा आणि लाल रंग विशेष धोक्याच्या क्षेत्राचा असतो. लाल रंगातले घर घेऊच नये. नावावरूनही अंदाज बांधू नये. ‘ओका’ म्हणजे टेकडी, पण नव्या वसाहतींना अशी नावे विक्रीसाठीही दिली गेली आहेत.

मग सखल भागात राहावे की नाही? माझे मत असे आहे की पूर आणि भूकंप यांना एका मापाने मोजू नये. मोठ्या वादळाची आणि नदीच्या पुराची सूचना बहुधा आधी मिळते आणि दुसऱ्या भागात निघून जाता येते. भूकंप तेवढी सवड देत नाही. त्यामुळे पुराच्या बाबतीत योजना असेल तर तडजोड करता येते, इमारतीच्या बाबतीत करता येत नाही. घरात तान्हे बाळ असेल, भारतातून वृद्ध आई-वडील महिनोन्‌महिने राहायला येणार असतील, किंवा कोणाला सतत औषधोपचार लागत असतील, तर पठारावरचीच जागा शोधावी. एरवी सखल भागात भक्कम इमारतीत पाण्याच्या अपेक्षित पातळीच्या बऱ्याच वरचा मजला घ्यावा, आणि पश्चिमेकडे राहणाऱ्या मित्राकडे किंवा एखाद्या हॉटेलात वेळेवर निघून जाण्याचे आधीच ठरवून ठेवावे. वरचा मजला म्हणजे पूर्ण सुटका मात्र नव्हे. ऑक्टोबर २०१९ मधील हागिबिस वादळात कावासाकीच्या मुसाशी-कोसुगी भागातील एका उंच निवासी मनोऱ्याच्या तळघरातील विद्युत यंत्रणा पाण्यात गेली, आणि वरच्या मजल्यांवरील कोरड्या घरांतही वीज, लिफ्ट आणि पाणी बंद पडले.

घरभाड्याच्या करारापूर्वी ‘जूयो जिको सेत्सुमेइ’, म्हणजे महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण, देणे एजंटवर बंधनकारक असते, आणि २८ ऑगस्ट २०२० पासून त्यात पूरनकाशावर घर कोठे आहे ते दाखवावेच लागते. ही तरतूद चांगली असली तरी ते स्पष्टीकरण होईपर्यंत आपले मन आणि वेळ त्या घरात गुंतलेले असतात. म्हणून नकाशा स्वतः आणि घर पाहायला जाण्यापूर्वी उघडावा.

इमारत: १९८१ ही रेषा

जपानमध्ये १ जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे नवे निकष लागू झाले. त्यांना ‘शिन-ताइशिन’ म्हणतात. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात जुन्या निकषांच्या इमारतींची हानी कितीतरी अधिक झाली, आणि त्यातून लाकडी घरांचे नियम जून २००० मध्ये आणखी कडक झाले. भाडेकरूने यातून दोन साधे नियम घ्यावेत: काँक्रीटची इमारत १९८१ नंतरच्या निकषांची असावी आणि लाकडी घर २००० नंतरचे असावे.

यात एक बारीक अडचण आहे. निकष लागू होतो तो बांधकामाला मंजुरी मिळाल्याच्या तारखेवरून, जाहिरातीत मात्र पूर्ण झाल्याचे वर्ष असते. १९८२ साली पूर्ण झालेल्या इमारतीची मंजुरी जुन्या नियमांखालची असू शकते. अशा सीमेवरच्या इमारतीबद्दल एजंटला ‘शिन-ताइशिन देसु का?’ एवढेच विचारावे. उत्तर गोलमोल आले तर पुढचे घर पाहावे. जुन्या इमारतीला नंतर भक्कम करण्याचे काम झालेले असेल तर ती विचारात घ्यायला हरकत नाही, पण त्याचा लेखी उल्लेख मागावा.

जाहिरातीतील ‘आपातो’ म्हणजे साधारणपणे लाकडी किंवा हलक्या पोलादी सांगाड्याची दोन-तीन मजली इमारत आणि ‘मान्शोन’ म्हणजे काँक्रीटची. लाकडी घर स्वस्त पडते, पण शेजारचा आवाज ऐकू येतो आणि हिवाळ्यात ते गारठते. याच वेळी गॅस कोणता आहे तेही विचारावे. शहरी वाहिनीच्या गॅसपेक्षा सिलिंडरच्या प्रोपेनचे बिल बरेच जास्त येते, आणि रोज पोळ्या, भाजी, वरण-भात शिजवणाऱ्या घराला तो फरक दर महिन्याला जाणवतो.

गल्ली आणि आग

टोकियो महानगर शासन १९७५ पासून ठरावीक वर्षांनी भूकंपधोक्याची चोमेनिहाय मोजणी करते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या मोजणीत ५,१९२ चोमेंना इमारती कोसळण्याच्या, आग पसरण्याच्या आणि एकत्रित धोक्यानुसार १ ते ५ अशी श्रेणी दिली आहे, आणि ५ ही सर्वांत वाईट श्रेणी आहे. आराकावा, अदाची आणि सुमिदा प्रभागांतील जुन्या लाकडी घरांच्या दाट वस्त्या त्यात वरच्या श्रेणीत दिसतात. पण पठारावरच्या नाकानो आणि सुगिनामी प्रभागांतही असे तुकडे आहेत. आपले घर भक्कम असले तरी शेजारची आग ते ओळखत नाही, म्हणून ४ आणि ५ श्रेणीचे चोमे मी तरी टाळावे असेच सांगेन. प्रत्यक्ष पाहताना अग्निशमनाची गाडी आत येईल इतकी गल्ली रुंद आहे का, आणि मुलांच्या शाळेच्या वाटेवर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या उंच, जुन्या भिंती आहेत का, हे पाहावे. १८ जून २०१८ रोजी ओसाकाच्या भूकंपात ताकात्सुकी शहरात शाळेचीच अशी भिंत कोसळून नऊ वर्षांची मुलगी दगावली.

गुन्ह्यांचा नकाशा कसा वाचावा

टोकियोच्या पोलिसांचा गुन्हेविषयक नकाशाही चोमेपर्यंत माहिती देतो. स्टेशनालगतच्या आणि बाजाराच्या चोमेंचे आकडे नेहमीच मोठे दिसतात, कारण तेथे बाहेरून येणारे लोक जास्त असतात. त्यामुळे एकूण संख्येपेक्षा गुन्ह्याचा प्रकार पाहावा. सायकलचोरीचे आकडे जास्त असतील तर कुलूप चांगले घ्यावे; रिकाम्या घरातील चोरी, ज्याला ‘आकिसु’ म्हणतात, जास्त असेल तर तळमजला टाळावा. शिंजुकूच्या काबुकिचो किंवा इकेबुकुरोच्या करमणुकीच्या भागांपासून रोजची परतीची वाट दूर असावी. एकट्या राहणाऱ्या स्त्रीने दुसऱ्या किंवा वरच्या मजल्यावरचे आणि मुख्य दार आपोआप कुलूपबंद होणारे घर शोधावे, आणि स्टेशन ते घर या वाटेवर ‘कोबान’, म्हणजे पोलीस चौकी, तसेच रात्रभर उघडे दुकान आहे का, ते पाहावे.

परवडणे म्हणजे दोन वर्षांची बेरीज

घरमालकांची पडताळणी सामान्यतः मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांश भाड्यापर्यंत मान्यता देते. गावी पैसे पाठवणाऱ्याने स्वतःची मर्यादा एक चतुर्थांश धरावी, आणि भाड्यात ‘कानरिही’ हा देखभालखर्च मिळवूनच तुलना करावी.

घर घेताना पहिल्याच दिवशी मोठी रक्कम लागते. समजा, भाडे १,००,००० येन आहे. ‘शिकिकिन’ ही अनामत १,००,०००. ‘रेइकिन’ ही मालकाला दिली जाणारी आणि कधीही परत न मिळणारी रक्कम १,००,०००. एजंटची दलाली करासह १,१०,०००. हमी देणाऱ्या कंपनीचे ५०,०००. आगीचा विमा आणि कुलूपबदल मिळून ४०,०००. आणि पहिल्या महिन्याचे भाडे. ही बेरीज ५,००,००० येन होते, म्हणजे पाच महिन्यांचे भाडे. दलालीची कायदेशीर कमाल एका महिन्याचे भाडे अधिक कर एवढी आहे. मूळ नियम मात्र भाडेकरूकडून अर्ध्या महिन्याचा असून त्याहून अधिक घ्यायला त्याची संमती लागते. हे सौम्यपणे विचारून पाहावे. टोकियो परिसरात दर दोन वर्षांनी करार वाढवताना ‘कोशिनर्यो’ म्हणून बहुधा आणखी एका महिन्याचे भाडे मागितले जाते.

याच ठिकाणी यूआर या सार्वजनिक संस्थेच्या घरांचा विचार करावा. तेथे रेइकिन नाही, दलाली नाही, करारवाढीची रक्कम नाही आणि हमीदारही लागत नाही. दोन महिन्यांची अनामत आणि ठरावीक मासिक उत्पन्न, किंवा भाड्याच्या १०० पट बचत, दाखवावी लागते. वरच्या उदाहरणातील खासगी घराला दोन वर्षांत २४ लाखांचे भाडे आणि परत न मिळणारे, विमा सोडून, सुमारे २,८०,००० येन लागतील. महिना १,०८,००० येनांचे यूआरचे घर दिसायला महाग असले तरी त्याची दोन वर्षांची बेरीज २५,९२,००० येन, म्हणजे ८८,००० येनांनी कमी आहे. शिवाय प्रकल्प संपून अचानक परतावे लागण्याची शक्यता असलेल्यांनी खासगी करारातील ‘वर्षाच्या आत सोडल्यास दंड’ हे कलम नक्की शोधावे. रेइकिन नसलेल्या आणि पहिला महिना फुकट देणाऱ्या घरांच्या करारांत ते बरेचदा असते.

परदेशी असल्यामुळे नकार मिळू शकतो, हेही मनाशी धरून चालावे. न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ३९ टक्के जणांना याच कारणाने नकार मिळाल्याचे आढळले होते. हे अन्यायाचे आहे आणि त्याने मन खट्टू होते. त्यावर व्यवहारी उपाय म्हणजे एजंटला पहिल्या भेटीतच नोकरीचे पत्र, रहिवासी कार्ड आणि जपानी बोलता येणाऱ्या सहकाऱ्याचा संपर्क देऊन, परदेशी भाडेकरू मान्य असलेल्या मालकांचीच घरे दाखवायला सांगणे, आणि एकाच चोमेवर आशा न ठेवता तीन-चार चोमे हाताशी ठेवणे.

दोनदा जा

यादीत उरलेल्या प्रत्येक चोमेत एकदा कामाच्या दिवशी रात्री आणि एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी जावे. रात्री स्टेशनापासून घरापर्यंत चालत दिव्यांचे अंतर पाहावे. दिवसा कचरा ठेवण्याची जागा पाहावी. जेथे जाळी नीट अंथरलेली आहे आणि वर्गीकरणाच्या सूचना इंग्रजीतही लावलेल्या आहेत, तेथे शेजाऱ्यांचे लक्ष आहे आणि नवख्याला सामावून घेण्याची तयारीही आहे, असे समजायला हरकत नाही. भाजीपाला कोठे घ्याल ते पाहावे, कारण कोतो प्रभागातील सुनामाची गिंझासारखा जुना ‘शोतेंगाई’, म्हणजे दुकानांची गल्ली, जवळ असेल तर स्वयंपाकाचा खर्च सुपरमार्केटच्या तुलनेत उतरू शकतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास सार्वजनिक ध्वनिक्षेपकांवरून एक धून वाजते. तीच यंत्रणा आपत्तीची सूचना देते, म्हणून घराच्या खिडकीजवळ ती स्पष्ट ऐकू येते का, ते पाहावे.

घर नक्की झाल्यावर राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याच खिडकीवर प्रभागाचा आपत्तीनकाशा मागून घ्यावा आणि पहिल्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून नेमून दिलेल्या आश्रयस्थानापर्यंत, बहुधा जवळच्या प्राथमिक शाळेपर्यंत, चालत जाऊन यावे.